मंडप भिजतो म्हणून

आत्याची डुकरं मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं, पत्र्याच्या शेडमध्ये होती. वाळूजच्या कारखान्यांच्या कॅन्टीनांतलं उरलेलं अन्न ती शिजवून त्यांना घालायची. दर मार्चला तिथं जंतांच्या औषधाचं सरकारी शिबिर यायचं. मार्चमध्येच, कारण आलेलं औषध मार्चअखेर संपवायचं असतं. जनावरांचे डॉक्टरसाहेब माइकवरून सांगायचे, "जंत पावसाळ्यात वाढतात. ओल्या चिखलात त्यांची अंडी टिकतात, उन्हात मरतात." पायाखालची जमीन तव्यासारखी तापलेली असायची.

"मग पावसाळ्यात का येत नाही?" एकदा मी विचारलं.

"मंडप भिजतो," साहेब म्हणाले. चेष्टा नव्हती ती.

शेडच्या आत ते कधीच आले नाहीत. डुकराला हात लागला तर सात पिढ्यांची शुद्धता बाटेल! नाकाला रुमाल लावून बाहेरूनच शिपायाला सांगायचे, "ओत रे टबात." सगळ्यांचं औषध खाण्याच्या एकाच टबात. त्या वर्षीही दांडग्यांनी धक्के मारून ते फस्त केलं; रोडक्यांना टब दिसलासुद्धा नाही. आपल्याकडं वाटप म्हणतात ते असंच.

त्या भाद्रपदात आत्याच्या पिलांची पोटं नगाऱ्यासारखी फुगली. मणके वर आले, खोकला लागला. दोन मेली. म्हाताऱ्या डुकरिणीचं ते शेवटचं वेत. मोठी डुकरं विकून झाली होती; तेही गेलं असतं तर शेड ओस पडली असती. मी साहेबांना फोन लावला.

"तुमचं शिबिर झालंय की!" ते म्हणाले. जंतांनी जणू त्यांना विचारून यायला हवं होतं.

शेवटी औषध मीच दुकानातून आणलं. आत्यानं एकेक पिलू मांडीत दाबलं, मी सुईविना सिरिंजनं तोंडात औषध सोडत गेलो. पिलू किंचाळलं की आत्या दटावायची, "गप ऱ्हा! सायबावानी नखरे करू नगं."

दुसऱ्या दिवशी विष्ठेत जाड शेवयांसारखे जंत पडले. उरलेली पिलं जगली.

पुढच्या मार्चला मंडप पुन्हा उभा राहिला. आत्यानं शेडला कुलूप घातलं.

"मावशी, फोटोपुरतं तरी उघडा," शिपाई गयावया करू लागला.

"पाऊस पडल्यावर या. अन् एकेकाला धरून पाजा. आत यायचं असंल तरच या."

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग बंद दारासमोरच उभं राहून त्यांनी स्वतःच्या गळ्यात मंडपातला हार घालून घेतला आणि फोटो काढून घेतला.