वस्तादांचं एक वाक्य

हंबीरराव वस्ताद म्हणजे मुलखाचा आडदांड गडी. होड्यांच्या शर्यतीत त्यांच्यापुढं नाव काढायची पंचगंगेच्या काठावर कुणाची टाप नव्हती. आता पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण आवाज अजून या काठावरून त्या काठाला जातो. महापुरानं गावाची दैना केली तेव्हापासून ते पोरांना वल्हं मारायला शिकवू लागले. आपली माणसं आपणच काढायची, कुणाची वाट बघत कौलावर बसायचं नाही, हा त्यांचा हट्ट. पोरांबरोबर चमनभाई शिकलगारांची शिफाही शिकायला आली.

पण शिकवणारा पडला शर्यतीचा माणूस! त्याला एकच ठाऊक, ओढा. "वल्हं हाय का रवी? ताक घुसळतोस व्हय रं?" असं खेकसायचे. विश्वजित त्यांचा लाडका. तो सुकाणूवर बसला की बोट सुसाट. शिफाचं उलटं. ती बांबू पाण्यात घालून तळ चाचपायची. म्हणायची, "वस्ताद, पुराच्या पाण्याखाली कुंपणं असत्यात, हिरी असत्यात. हळू जाया पायजे की."

वस्ताद खदाखदा हसले. "पोरी, ही शर्यत हाय का मयत?" पोरंही फिदीफिदी हसली. शिफानं बांबू काठावर टाकला आणि मुकाट वल्हं धरलं.

गेल्या श्रावणात पाणी खालच्या गल्लीत शिरलं. तानाबाई म्हातारी घरात एकटी अडकली होती. विश्वजित, शिफा आणि आणखी दोघं रबरी बोट घेऊन गेले, म्हातारीला अलगद उचलून बोटीत घेतलं. इथवर झकास. परत येताना वस्ताद काठावर एकटेच उभे राहून बोंबलत होते, "ओढा! ओढा रं वाघांनो!" पोरांनी ओढलं, सुकाणूवर विश्वजित. गावाकडेच्या मळ्यावरून जाताना पाण्याखालच्या काटेरी कुंपणावर बोट गेली आणि रबर टरकन फाटलं. सगळे पाण्यात. शिफानं म्हातारीला केसाला धरून वर काढलं. जीव वाचला, पण खुबा मोडला. चालतीबोलती तानाबाई अंथरुणाला खिळली.

पाणी ओसरल्यावर चावडीपुढं गाव जमला. तानाबाईचा लेक ज्ञानू तावातावानं पुढं झाला. "येवढ्या जोरात जायाला कुणी सांगितलंतं?"

सगळ्यांच्या माना वस्तादांकडं वळल्या. आणि वस्तादांच्या तोंडून गेलं, "मी तर हळू जावा म्हणून सांगितलंतं."

झालं! जिभेला हाड नसतं म्हणतात ते काय उगीच? विश्वजितनं त्यांच्याकडं एकदा बघितलं. वस्तादांना चारचौघांत खोटं पाडेल तो चेला कसला? "चूक माझीच हाय," म्हणाला. शिफा तोंड उघडणार, तर त्यानंच तिला डोळ्यानं गप्प केलं; बोटीतल्या बाकी दोघांनीही माना खाली घातल्या.

गावानं मग पोराला सोलून काढलं. "म्हातारीला लुळी केली ह्यानं," असं चहाच्या गाड्यावर त्याच्या तोंडावर बोलायचे. पोरगं घाटाकडं फिरकेना. वस्तादांचा मान मात्र होता तसाच. उलट ज्ञानू भेटला की हात जोडायचा, "तुमचं ऐकलं असतं पोरांनी, तर आई आज हिंडती-फिरती असती." खाई त्याला खवखवे! वस्तादांना घास उतरेना. दाढी करताना आरशातल्या तोंडाची लाज वाटायची. रोज ठरवायचे, आज सांगून टाकू. आणि रोज माती खायचे.

यंदा मे महिन्यात नवी बोट आली. पूजेला सारा गाव घाटावर. नारळ फोडायचा मान वस्तादांचा, आणि तो हातात दिला ज्ञानूनं. विश्वजितही आला, पण लांब पायरीवर उभा राहिला. कुणीतरी ओरडलं, "तू लांबच ऱ्हा बाबा, न्हायतर हीबी फाडशील!" लोक हसले.

वस्तादांचा वर उचललेला हात खाली आला.

"हसू नगासा," ते म्हणाले. "मी काठावरनं ओढा म्हणून बोंबलत हुतो. चावडीपुढं खोटं बोललो. ही शिफा हळू जावा म्हणत हुती, तर तिची मीच थट्टा केली. पोरानं शिकवल्यालं तेवढं केलं. म्हातारीचा खुबा मी मोडलाय."

ज्ञानूनं येऊन त्यांच्या हातातला नारळ काढून घेतला. वस्तादांना वाटलं, सुटलो एकदाचा. ते विश्वजितच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, तर पोरगं एक पायरी मागं सरकलं.

"ओढा म्हणालासा त्याचं मला कायबी वाटलं न्हाय, वस्ताद. पर माझी आई रोज तानाबाईचं हागणं-मुतणं काढाया जाती. पोराचं पाप फेडाया म्हणून. तिला आता काय सांगू?"



दुसऱ्या दिवशी सकाळी ते तानाबाईच्या दारात जाऊन उभे राहिले. विश्वजितची आई अंथरूण बदलत होती. गावातली बातमी तिच्या कानावर गेलेलीच होती. तिनं त्यांच्याकडं बघितलंही नाही, घाण कपड्यांची बादली तेवढी पायानं पुढं सरकवली. वस्तादांनी ती उचलली आणि भर गल्लीतून नळाकडं निघाले.