मागून येणारी हाक

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, दौलतगंजच्या बाजारात मी कापड विकायला शिकलो, त्याआधी उठायला शिकलो. ठोक व्यापाऱ्याचा भाव पटला नाही की त्याच्या गादीवरून उठायचं, चपला घालायच्या आणि मागे न बघता चालू लागायचं. सात पावलांच्या आत व्यापारी हाक मारतोच. वडिलांनी शिकवलेल्या या एका युक्तीवर मी सायकलवरच्या गठ्ठ्यापासून स्वतःच्या दुकानापर्यंत आलो. वडिलांचं चालतं दुकान धाकट्या भावाला मिळालं. मला सांगितलं गेलं, "तू हुशार आहेस, तुझं तू बघशील." बघितलं. भावाशी मात्र बावीस वर्षं बोललो नाही.

कोरोनात तीन आठवडे व्हेंटिलेटरवर होतो. वाचलो. दोन महिन्यांनी तळहात-तळपाय खाजायला लागले. नख पोचणार नाही इतक्या आत कुठेतरी. बायको ओल्या टॉवेलने पाय गुंडाळून ठेवायची. मग लघवी काळ्या चहासारखी झाली. गिऱ्हाइकं माझ्या पिवळ्या डोळ्यांकडे बघून चटकन नजर ताग्याकडे वळवू लागली.

सिटी सेंटर भागातल्या डॉक्टरांनी सावकाश समजावलं. फुप्फुसं सावरली होती, पण त्या आजारपणात यकृतातल्या पित्ताच्या नळ्या खराब झाल्या होत्या. पित्त आतच तुंबत होतं. यकृत बदलावं लागणार होतं.

"दुर्बिणीने नळी टाकून साल-दो साल निकल जाएंगे?" मी विचारलं.

"मोठ्या नळीत टाकता येईल. बारीक नळ्यांचं काय?"

"एक साल तरी?"

"भाईसाहब, मैं यहाँ भाव नहीं लगा रहा."

माझं डोकं फिरलं. उठलो, दाराबाहेर काढलेल्या चपला घातल्या आणि चालू लागलो. पाच, सहा, सात. मागून हाक आली, ती पुढच्या पेशंटला.

हट्टाने चार महिने त्या दवाखान्याची पायरी चढलो नाही. दुसरीकडे नळ्या टाकून घेतल्या. त्या तुंबायच्या, हुडहुडी भरून ताप यायचा, पोट फुगायचं. शेवटी त्याच डॉक्टरांसमोर जाऊन बसलो. त्यांनी जुने आणि नवे रिपोर्ट शेजारी ठेवले आणि दिल्लीच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून दिली.

यकृताचा तुकडा घरच्याच कुणी द्यायचा होता. बायकोचा रक्तगट जुळला नाही. मुलगी पोटुशी.

"बाबा, काका का ग्रुप तो सेम है ना?"

"त्याचं नाव काढू नकोस."

"मत लो नाम. लिवर ले लो."

आठ दिवसांनी भाऊ आला. बायकोने परस्पर कळवलं होतं. खुर्चीच्या कडेवर टेकून तो म्हणाला, "दादा, माझ्या तपासण्या झाल्या. जुळतंय."

माझ्या तोंडून निघालं, "बदल्यात काय हवंय ते आधी सांग."

तो उठला. चपला घातल्या. मी नकळत पावलं मोजू लागलो. तोही त्याच बापाच्या हाताखाली वाढलेला. हाकेची वाट बघत होता की खरंच निघाला होता, मला कळेना. सातवं पाऊल पडलं. स्वयंपाकघराच्या दारात बायको पदर तोंडाला लावून उभी. मी त्याला लहानपणीच्या नावाने हाक मारली.

तो थांबला, पण वळला नाही. "आठव्याला बोलावलंस," म्हणाला. "धंदा विसरलास, दादा."

परवा दिल्लीच्या रुग्णालयात संमतीचे कागद समोर आले. जोखीम दोघांना आहे. उशीर केल्यामुळे मला जास्त, असं सांगून झालं होतं. भावाची बायको कोपऱ्यात बसली होती, माझ्याकडे बघतही नव्हती. दुकानाचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू. पण भावाने एक ओळही न वाचता पेन उचललं तेव्हा मी ओरडलोच, "अरे, वाच आधी! काय लिहिलंय बघ तरी!"

त्याने सही केली आणि कागद उलटा ठेवला.

"वाचलं तर उठावं लागेल, दादा."