काकी एकट्या निघतात

"आणि मी चुकलंय तर?"

हे काकींचं वाक्य. बोलताना त्यांच्या उजव्या हाताची बोटं पदराच्या टोकाला पीळ घालत असायची. पीळ पुरा झाला की सोडायचा, पुन्हा पहिल्यापासून. बसून बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर येतील, खांबाला टेकतील, लगेच सुटतील, फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघतील, परत येतील. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्यांच्याशी थोडा वेळ बोललं की आपलेच पाय दुखायला लागतात.

समुद्रकाठच्या हरमल गावात प्राथमिक शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा मी काकींच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आले. पुढच्या खोल्या पर्यटकांना दिलेल्या. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा येणारा. घरात काका आणि काकी दोघंच. काकांकडे एक जुनी व्हॅन होती. काकींना बाजारात जायचं असो, देवळात जायचं असो, काका व्हॅन काढायचे. म्हापसा तर लांबच, पेडण्यालासुद्धा त्या कधी एकट्या गेल्या नव्हत्या.

मला वाटायचं, लहानपणी काहीतरी घडलं असणार. एकदा विचारलं तर त्या गोंधळल्याच.

"काय घडाक नाय गे. कोणी कधी एकटी सोडूकच नाय माका. आधी बापूस होतो, मगे भाव, मगे हे. सवय लागली."

आणि गंमत बघा, यांच्या खोल्यांत उतरायला यायच्या त्या जगाच्या दुसऱ्या टोकाहून एकट्या निघालेल्या बायका. काकी त्यांच्या चादरी धुवायच्या, त्यांना सकाळी पेज द्यायच्या आणि माझ्याकडून एकच प्रश्न विचारून घ्यायच्या: "एकटीच इलीस? घराकडे सांगून इलीस मां?" एका तरुण पोरीनं घरी सांगितलेलं नाही असं कळल्यावर काकींनी तिला समोर बसवून आईला फोन करायला लावला. पलीकडे ती आई रडायला लागली, इकडे ही पोरगी, आणि एक शब्दही न कळता काकीसुद्धा.

पण त्यांच्या मनात राहिली ती एक म्हातारी. पांढरे केस, पाठीवर मोठी पिशवी, गुडघ्याला पट्टा. काकींनी तिला विचारायला लावलं, भीती वाटत नाही का? म्हातारी हसली. म्हणाली, प्रत्येक वेळी वाटते, निघायच्या आदल्या दिवशी तर जेवणही जात नाही. मी ते मराठीत सांगितलं. काकी नाराजच झाल्या.

"इतकी वर्सां फिरान पण भंय जाना नाय, तर मगे फिराचा कशाक?"

दोन दिवस हेच पुटपुटत होत्या.

मग काकांचे डोळे बिघडले. साखरेचा आजार जुना होता, तो डोळ्यांत उतरला. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. व्हॅन अंगणात माडाखाली उभी राहिली, तिच्यावर झावळ्यांचा कचरा साठायला लागला. काकांनी ते मुकाट्यानं सोसलं. काकींची मात्र तगमग सुरू झाली, आणि तिचं कारण होतं वाळपई.

वाळपईला काकींच्या थोरल्या बहिणीचं घर. आई लवकर गेली, तेव्हा या आक्कांनीच काकींना वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, लग्न लावून दिलं. नवरा गेल्यापासून आक्का एकट्या राहत होत्या. मूलबाळ नव्हतं. काका दर महिन्याला काकींना घेऊन जायचे. आता ते थांबलं. आक्का फोनवर म्हणायच्या, "माका काय जाला नाय, तू येव नको." पण त्यांचा आवाज बारीक होत चालला होता, आणि तो फोन ठेवला की काकी घरभर फिरत राहायच्या. भाड्याची गाडी एकदा केली, दोनदा केली. मोसम सुरू झाल्यावर गाडीवाले पर्यटक सोडून एवढ्या लांब यायला तयार होईनात.

एका रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. काकी आल्या, दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या.

"बाय, तू डिचोलेक घरा जातस ती बस वाळपईक जाता मां?"

"म्हापशाहून वाळपईची बस मिळते काकी. डिचोली वाटेतच लागते."

"माका शिकय."

"काय?"

"बशीत बसूक शिकय." आणि मी काही बोलायच्या आत, "तू माझ्या वांगडा ये. पण बाजूक बसू नको. आपली वळख नाय अशी बस."

पुढच्या रविवारी आम्ही म्हापशाला निघालो. ठरल्याप्रमाणे त्या ड्रायव्हरच्या मागे, मी सगळ्यांत शेवटी. बस सुटली आणि काकींनी मान मागे वळवली ती समोर जाईना. कंडक्टरनं विचारलं, मागे काही राहिलंय का? तेव्हा काकी माझ्याकडे बोट दाखवून भर बसमध्ये म्हणाल्या, "नाय. ता चेडू माझ्या वळखीचा नाय." आणि पाठोपाठ, "दोन म्हापशे दी. एक माझा, एक तेचा."

सगळी बस हसली. काकीही हसल्या, पण त्यांचा हात पुढच्या दांड्यावर इतका घट्ट होता की बोटं पांढरी पडली होती.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पुढच्या वेळी मी थांब्यावरच थांबले, त्यांना एकटीला चढवलं. त्यांनी बसची पाटी पुढून वाचली, मागे जाऊन वाचली, ड्रायव्हरला विचारलं, कंडक्टरला विचारलं, एका पाव घेऊन निघालेल्या माणसाला विचारलं. चढल्या. बस हलायच्या आधी उतरल्या. चेहरा घामानं ओला. माझ्यापुढे झपाझप घरी निघून गेल्या. संध्याकाळी काका मला म्हणाले, "तिका सांग, नको जाव म्हणान. मी कोणतरी गाडी बघतंय." मी सांगायला गेले, तर काकी आतल्या खोलीत पिशवी भरत होत्या. आक्कांसाठी सुक्या कोळंबीची, म्हणजे सुंगटांची पुडी, पाववाल्या पोदेराकडचे उंडे, एक नवं पातळ. दुसऱ्या दिवशी ती पिशवी तशीच रिकामी केली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा भरली.

त्यानंतर कधी मी स्कूटर घेऊन बसच्या मागे गेले, कधी नुसती म्हापशाला त्यांची वाट बघत थांबले. एकदा त्या उतरल्या आणि मला बघून रागावल्या. "तू दिसलंस, आता माका कळाचा कसा, मी आपापली इलंय काय तुझ्यामुळे?" मग मी जाणंच सोडलं. त्या म्हापशाला जाऊन, बाजारात एक फेरी मारून परत यायला लागल्या. आल्या की दमलेल्या असायच्या, डोंगर चढून आल्यासारख्या. मला त्याचं थोडं नवल वाटायचं. एवढीशी वाट, एवढा त्रास कशाला? पण त्रास होता, तो मी डोळ्यांनी बघत होते.

आणि एक दिवस त्या वाळपईला निघाल्या.

शाळेत मधली सुट्टी होती. फोन आला.

"बाय, मी अस्नोड्याक उतारलंय."

"का? बस बंद पडली?"

"नाय. रस्तो खणलेलो, बस भलत्याच वाटेन गेली. माका वाटला मी चुकीच्या बशीत बसलंय. मी ओरडलंय, उतरवा म्हणान. तेंनी उतारलेला. आता बस गेली. हंय कोण नाय."

मी म्हटलं, तिथंच थांबा, मी रजा टाकून येते. पलीकडून एक ट्रक गेल्याचा आवाज आला.

"नको," काकी म्हणाल्या. "तू इलंस तर मी परत कधी जावचंय नाय. तू येव नको. फक्त फोन ठेव नको."

मी फोन कानाला लावून वर्गात गेले, पोरांना चित्रं काढायला सांगितली. काकी जे दिसेल ते सांगत होत्या. एक दुकान आसा, बंद आसा. कुत्रो आसा. एक बाई येता. बाईशी त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. बाई सांगत होती, हाच रस्ता, याच वाटेनं सगळ्या बस जातात सध्या. "सगळ्यो?" काकींनी दोनदा विचारलं. मग बसचा आवाज, कंडक्टरची आरोळी, आणि काकींचा मोठा आवाज: "वाळपईक जाता मां? नक्की?" पुढे गोंगाटात फोन बंद झाला.

वाळपईला काय झालं ते काकींनीच नंतर सांगितलं. त्या दारात उभ्या राहिल्या. आक्कांनी दार उघडलं. धाकट्या बहिणीकडे न बघता त्या तिच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघायला लागल्या.

"कोण इलो तुका घेवन?"

"कोण नाय."

"गाडी खंय ठेवली?"

"मी बशीन इलंय आक्का. एकटीच."

आक्कांचा विश्वास बसेना. काठी टेकत फाटकापर्यंत गेल्या, रस्ता दोन्ही बाजूंनी बघितला. मग परत येऊन उंबऱ्यावर बसल्या आणि काकींचे पाय चेपायला लागल्या, जणू त्या चालत आल्या होत्या.

त्यानंतर काकी दर आठवड्याला जायला लागल्या. भीती गेली, असं मी म्हणणार नाही. निघायच्या दिवशी त्यांना जेवण जात नसे, आणि पाटी त्या शेवटपर्यंत दोन्ही बाजूंनी वाचत. पण जात. परत येताना आक्कांच्या परसातली केळी, कोकमाची सोलं, आणि बसमधल्या अनोळखी बायकांच्या घरच्या सगळ्या गोष्टी घेऊन येत. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाच्या मुलाची नोकरी गेली. काका डोळे मिटून ऐकत बसायचे.

डिसेंबरात, गाव पर्यटकांनी फुललेलं असताना, एका दुपारी वाळपईहून शेजारणीचा फोन आला. आक्का न्हाणीघरात पडल्या होत्या. मी शाळेतून आले तेव्हा काका रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या प्रत्येक टॅक्सीला हात करत होते. सगळ्या भरलेल्या. मी तीन-चार ओळखीच्यांना फोन केले. कोणी संध्याकाळी येतो म्हणाला, कोणी उचललाच नाही.

"काकी कुठं आहेत?" मी विचारलं.

"ती केव्हाच गेली," काका म्हणाले. "फोन ठेवलो आणि पर्स घेवन गेली. माका म्हणाली, तुमी गाडी बघा."

आम्हाला गाडी मिळेपर्यंत उन्हं उतरली. आम्ही वाळपईच्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा काकी बहिणीच्या उशाशी होत्या. काकी येईपर्यंत आक्का हलायलाच तयार नव्हत्या; मग शेजारणीच्या मुलाला रिक्षा आणायला लावून, दोघींनी मिळून आक्कांना उचलून, त्यांनीच तिथं आणलं होतं. मी काकींना पहिल्यांदा एका जागी बसलेलं बघितलं. आक्कांचा हात दोन्ही हातांत धरून त्या बसल्या होत्या, आणि आम्ही आत आल्यावरही उठल्या नाहीत.

आक्का शुद्धीवर होत्या. मला बघून म्हणाल्या, "ह्या चेडवान शिकयला काय तुका?" काकींनी मान हलवली. आक्का हसल्यासारख्या झाल्या. त्या आणखी थोडे दिवस होत्या. गेल्या तेव्हा काकी जवळ होत्या.

दिवसकार्य झालं. काकांनी काकींना आणायला गाडी ठरवली. नातेवाईकही आग्रह करत होते, अशा वेळी बाईनं एकटीनं जाऊ नये. काकींनी गाडी परत पाठवली आणि त्या बसनं आल्या.

मी त्यांना थांब्यावर घ्यायला गेले होते. डोळे सुजलेले. घराकडे चालताना मी म्हटलं, "गाडीनं यायचं होतं ना काकी. एवढा त्रास कशाला?"

त्या थांबल्या. त्या रस्त्यावर स्कूटरवाल्या पर्यटकांची ये-जा चालूच होती.

"घरात रडाक मेळना नाय गे," त्या म्हणाल्या. "मी रडलंय की हे घाबरतत. बोटीवरसून झील फोनार इचारता. गाडयेत पण ड्रायवर आरशातसून बघता. बशीत खिडकीकडे तोंड केला की कोण काय इचारना नाय. वाळपईसून म्हापशापर्यंत रडलंय. आता बरा वाटता."

पुढच्या जूनमध्ये माझी बदली डिचोलीला झाली. सामान हलवताना काकी माझ्या रिकाम्या होणाऱ्या खोलीतून आत-बाहेर करत राहिल्या. सुंगटांची पुडी दिली, ती परत घेतली, आणखी घालून पुन्हा दिली. "येत जा," म्हणाल्या. मी गेले काही वेळा. मग शाळा, घर, आईचं आजारपण. तुम्हाला माहीतच आहे कसं होतं ते. फोनवर काका सांगायचे, ती घरात नाही, वाळपईला गेली आहे. आक्कांच्या घरात आता कोणी नाही. तिथं ती काय करते, त्यांनी कधी विचारलं नसावं.

गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर मी डिचोलीच्या बसस्टँडजवळ स्कूटर थांबवून भाजी घेत होते. म्हापशाहून वाळपईला जाणारी बस येऊन उभी राहिली. खिडकीशी काकी होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. माझ्यापासून पाच-सहा हातांवर.

मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मग त्यांचे ओले डोळे दिसले.

मी हाक मारली नाही. भाजीवाली पिशवी पुढे करत होती, ती घेतली. कंडक्टरनं दारावर थाप मारली, बस हलली. काकींनी तोंड खिडकीकडेच ठेवलं होतं. साखळी गावाच्या रस्त्याला ती बस वळेपर्यंत मी तिथं उभी राहिले.