मँचेस्टरची इंजिनं आणि फाटकावरची डेलिया

रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी डेलिया हेशन बाहेर यायची, रेल्वे फाटकाच्या लोखंडी खांबावर उजवा तळहात टेकवायची आणि डोळे मिटून उभी राहायची. हिवाळ्यात खांबावर दव गोठलेलं असायचं, तरी तिने कधी हातमोजा घातला नाही. कुणी विचारलं तर उत्तर एकच. "ऐकतेय."

"खांबाला ताप आलाय का गं, डेलिया?" माझे आजोबा मॅटी कॉइन गाई घेऊन रुळांपलीकडच्या कुरणात निघाले की रोज विचारायचे.

"तुझ्या डोक्याला आलाय, मेल्या. आण पुढे त्या गाई. गाडी नाहीये."

मग ती दोन्ही बाजूंची फाटकं उघडायची, हाताने 'ये' म्हणून खूण करायची आणि आजोबा, गाई, शाळेची पोरं, कधी एखादी शवपेटीही तिच्या त्या खुणेवर रूळ ओलांडायची. आयर्लंडमधल्या आमच्या क्लूनबेगच्या फाटकावर तेव्हा फोन नव्हता. वेळापत्रकातल्या गाड्या तिला पाठ होत्या. शरदात साखर कारखान्याला जाणाऱ्या बीटाच्या जादा गाड्या सुटायच्या, मध्येच एखादं इंजिन एकटंच जायचं. त्यांची वर्दी कुणी देत नसे. ती फाटकवालीने स्वतःच घ्यायची.

फाटक तिच्याकडे आलं ते नवऱ्यामागे. टॉम हेशन रूळ तपासत फिरायचा, न्यूमोनियाने गेला. त्याच्या जागी तिला फाटक मिळालं आणि फाटकाबरोबर दोन खोल्यांचं रेल्वेचं घर राहिलं. फाटक आहे तोवर घर, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच बहुधा ती लग्नाला गेली तरी जेवणाआधी परतायची.

टॉम होता तेव्हाच वाफेची इंजिनं जाऊन डिझेलची आली होती. मँचेस्टरला बांधलेली, 'ए' वर्गाची, एकूण साठ. नवी होती तेव्हा चंदेरी रंगाची होती. तो रंग वर्षभरही धड टिकला नाही. तेलाने आणि काजळीने त्यांची रया गेली. मग हिरवी झाली, मग काळी-तांबूस. आतलं यंत्र मात्र रंगाने बदलणारं नव्हतं. ते धडधडायचं, निळा धूर ओकायचं, चढावर मध्येच मान टाकायचं. ड्रायव्हर लोक त्याच्या नावाने बोटं मोडायचे. गाडी मैलभर लांब असली तरी डेलियाच्या फळीवरचे कप एकमेकांवर आपटू लागायचे.

तिचा मात्र त्यांच्यावर जीव होता. "खोकतात बिचारी," म्हणायची, "पण सांगून येतात."

पुढे रेल्वेने ठरवलं की सांगाडे चांगले आहेत, ते ठेवू आणि आतलं यंत्र बदलू. एकेक इंजिन डब्लिनच्या कारखान्यात जाऊ लागलं आणि पोटात न हादरणारं अमेरिकन यंत्र घेऊन परतू लागलं. चेहरा तोच, रंग तोच, नंबरही तोच. फक्त त्याच्या शेपटीला एक बारीकसं आर अक्षर. आमच्या भागात कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

ऑक्टोबरातली सकाळ होती, धुकं होतं. आजोबा गाई घेऊन आले. डेलियाने खांबावर हात ठेवला, डोळे मिटले, उघडले, फाटक उघडलं आणि खूण केली. पहिल्या गाई रुळावर आल्या आणि वळणावरून तसंच एक बदललेलं इंजिन उतारावर नुसतं घरंगळत आलं. एकटंच. डबे नाहीत, गडगडाट नाही. आजोबांनी स्वतःला मागे फेकलं ते थेट चरात. मनगट मोडलं. तीन गाई जागच्या जागी गेल्या. चौथी धुक्यात कुठेतरी हंबरत राहिली.

इंजिन बरंच पुढे जाऊन थांबलं. ड्रायव्हर पीटर लोहन धावत मागे आला. तिशीतला माणूस, ओठ पांढरे पडलेले. आणि डेलिया फाटकाची दांडी धरून तशीच उभी होती. ती एवढंच म्हणत होती, "ते आलंच नाही. ते आलंच नाही."

दोन दिवसांनी रेल्वेचे चौकशी अधिकारी क्विल्टी तिच्या स्वयंपाकघरात बसले होते. वयस्क, मवाळ माणूस. टोपी गुडघ्यावर ठेवून बोलायचे. हात गळ्यात बांधलेले आजोबा टेबलाशी होते. दारात लोहन. चहा झाला होता आणि कुणी प्यायला नव्हता.

"मिसेस हेशन, ड्रायव्हर म्हणतो त्याने वळणावर भोंगा वाजवला."

"खोटं बोलतो." डेलिया लोहनकडे वळली. "तुझ्या आईला ओळखते मी, पीटर. ती इथे असती तर कानफटात मारली असती तुझ्या. मांजरासारखं आलं ते तुझं इंजिन. भोंगा नाही, काही नाही."

"वाजवला हो, बाई. दोनदा," लोहन म्हणाला. "माझी नोकरी जाईल म्हणून नाही सांगत. खरंच वाजवला."

"मिस्टर कॉइन," क्विल्टी म्हणाले, "तुम्ही तिथे होतात."

लोहन आणि डेलिया, दोघंही आजोबांच्या तोंडाकडे बघत होती. एकाची नोकरी, दुसरीचं घर. डेलियाने मात्र खुर्ची ओढून घेतली, निश्चिंत. तीन गाई गेल्या तरी मॅटी तिच्या बाजूचा, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

"वाजला," आजोबा म्हणाले.

"काय?"

"भोंगा वाजला, डेलिया. मी ऐकला."

"मग रुळावर कशाला आलास, गाढवा?"

"मी तुझ्याकडे पाहिलं. तू हात केलास." त्यांनी गळ्यातला हात सावरला. "मला वाटलं, मलाच काहीतरी चुकीचं ऐकू आलं. तू इतकी वर्षं... तू 'ये' म्हणालीस ना."

क्विल्टी उठले. बाहेर बघायचं म्हणून जावं तसे डेलियाच्या मागच्या खिडकीशी गेले आणि पाठमोरेच, साध्या आवाजात म्हणाले, "मिसेस हेशन."

ती आजोबांकडे रोखून बघत होती.

"मिसेस हेशन," ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने, असं की दारातला लोहन दचकला.

"बोल ना," डेलिया आजोबांना म्हणाली. "तोंड शिवलंय का? असा काय बघतोयस माझ्या मागे?"

मग ती वळली. खिडकीशी उभ्या माणसाकडे पाहिलं, पुन्हा आजोबांकडे, दारातल्या लोहनकडे. तिघांचे चेहरे तिने एकेक करून वाचले.

"हे काही म्हणाले का?" तिने विचारलं.

लोहन तोंडावर हात ठेवून बाहेर निघून गेला.

"नाही," डेलिया म्हणाली. "नाही, नाही. मला गाड्या ऐकू येतात. सगळ्या. विचारा कुणालाही."

त्या संध्याकाळी गावात ज्याला त्याला काहीतरी आठवू लागलं. तिचा रेडिओ कित्येक वर्षं बंद होता. आम्हाला वाटायचं, टॉमचं दुःख. चर्चमध्ये ती गाण्यात अर्धी ओळ मागे असायची. तिला सुरांची जाण नाही म्हणून लोक हसायचे. पाठीमागून हाक मारली तर वळायची नाही, म्हणून शिष्ट. अंधारात बोलत राहायची, पण उत्तर दिवा लावल्यावरच द्यायची. आणि मग दुसरंच आठवलं: शाळेची पोरं, बाबागाड्या, रविवारी चर्चला जाणारी सगळी माणसं. माझी आजी, बिड, भाकरीचं पीठ मळता मळता पिठाच्या बोटांवर मुलं मोजू लागली. तिची पाचही मुलं त्या खुणेवर मोठी झाली होती.

दुसऱ्या दिवशी बिड डेलियाकडे गेली. डेलियाने दारातच तिला धरलं. "आता बीटाची गाडी यायची आहे. जुनंच इंजिन असेल. तू इथे खिडकीशी बस आणि भोंगा वाजला की बोट वर कर."

बिड बसली. डेलिया पिसांच्या गादीवर चढली, पाय पोटाशी घेतले, हात कुशीत धरले. कशालाही टेकायचं नाही, असं. कप वाजू लागले. बिडला कानठळ्या बसल्या, ती सांगायची, आणि तिने बोट वर केलं. खिडकीतून काळं-तांबूस इंजिन गेलं, मागोमाग बीटाने भरलेल्या मालगाडीच्या वाघिणी, एकामागून एक. डेलिया डोळे फाडून बघत होती.

"बिड," ती म्हणाली, "हिला आवाजच नाही."

मग तिने एक पाय खाली सोडून जमिनीला टेकवला, आणि तिचा चेहरा बदलला. तिने पाय वर घेतला. पुन्हा टेकवला. शेवटची वाघीण जाईपर्यंत ती तेच करत राहिली. "मग मी इतकी वर्षं काय ऐकत होते गं?" तिने विचारलं. बिडला रडू फुटलं. डेलिया रडली नाही. तिला अजून ते खरंच वाटत नव्हतं.

क्विल्टींनी खरं तेच कळवलं. दुसरं काय कळवणार. लोहनची नोकरी राहिली. फाटकावर रॉसकॉमनचं एक कुटुंब आलं आणि नाताळच्या आधी डेलियाला घर सोडायला सांगितलं. जायचं कुठे, तिला माहीत नव्हतं. सामान बांधून ती दारात बसली होती तेव्हा आजोबा गाडी जुंपून आले आणि काही न बोलता तिची पेटी चढवू लागले.

ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुझ्या तीन गाई मारल्या मी."

"मग चौथी मारायला ये," आजोबा म्हणाले. तिला ओठ दिसावेत म्हणून टोपी काढून म्हणाले.

मागच्या खोलीत ती अकरा वर्षं राहिली. आमची भांडी घासली, माझ्या आईच्या वेण्या घातल्या, बिडशी रोज भांडली. घरात बोलताना सगळे तिच्याकडे तोंड करून बोलायला शिकले. आई अजूनही कुणाशीही तशीच बोलते. त्या काळात उरलेली जुनी यंत्रंही एकेक करून निघाली.

मे महिन्यातल्या एका दुपारी तिला जरा दमल्यासारखं वाटलं. ती चुलीशेजारच्या बाकावर आडवी झाली. बिड ताटं मांडत होती. डेलियाने कायमचे डोळे मिटायच्या आधी एकदा चुलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बटाट्यावरचं झाकण काढ गं, नाहीतर गाळ होईल त्यांचा."