सर्व्हर विसरतो तेव्हा

बेलापूरला चौथ्या मजल्यावर आमचं पाच जणांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. दुसऱ्यांनी बनवून सोडून दिलेल्या जुन्या वेबसाइट्स आम्ही सांभाळतो. अशा कामात किस्से आपोआप साठतात. चहाला बसलं की एक निघतो, त्याला धरून दुसरा. हसायला येईल असे त्यात थोडेच.

पहिल्याच दिवशी आमच्या सीनियर देसाई मॅडमनी मला समोर बसवलं. "ब्राउझरने पान मागितलं, सर्व्हरने दिलं, की तो विसरला. पुढच्या क्लिकला तोच माणूस आला तरी त्याच्यासाठी नवाच."

"मग लोकांनी भरलेलं राहतं कसं?"

"एक तर पानातच लपवून पाठवायचं, म्हणजे प्रत्येक क्लिकला ते परत येतं. नाहीतर सर्व्हरवर त्या माणसासाठी एक कप्पा ठेवायचा. सेशन म्हणतात त्याला."

"आणि कप्पा कधी रिकामा होतो?"

"आपण चुकलो की."

* * *

न्हावा शेव्याच्या एका कस्टम एजंटने एकदा दोन टॅब उघडले. एकात टाइल्सचा कंटेनर, दुसऱ्यात कोळंबीचा. कप्पा मात्र माणशी एकच. कोळंबीच्या कागदांवर टाइल्सचा नंबर चढला आणि माल तीन दिवस अडकला.

फोनवर आमचा सतीश होता. "सर, एका वेळी एकच टॅब उघडायचा असतो."

"हे कुठे लिहिलंय तुम्ही?"

कुठेच लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लाल अक्षरांत लिहिलं.

* * *

हा किस्सा माझा स्वतःचा. नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. पहिल्या पानावर एक स्पेलिंग चुकलेलं दिसलं, म्हणून दुपारी बाराला मी सुधारलेली फाइल चढवली. फाइल चढली की ती साइट पुन्हा सुरू व्हायची आणि सगळ्यांचे कप्पे रिकामे. हे मला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही, इतकंच.

फोन सुरू झाले. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मी पाचव्या पानावर होते. आता परत पहिलं आलंय. आणि आमच्याकडे लाईट गेलीये."

मुदत पाचला संपली. तिचा अर्ज आलेला नव्हता.

देसाई मॅडम ओरडल्या नाहीत. "स्पेलिंग तरी बरोबर झालं ना?" एवढंच विचारलं. पुढच्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत मी त्या मुलीच्या फोनची वाट बघत होते. आला नाही.

* * *

एका लॅबची साइट आमच्याकडे आली. आधीच्या माणसाने सगळ्या पेशंटसाठी मिळून एकच कप्पा ठेवला होता. दोघांनी एकाच वेळी रिपोर्ट उघडला, की एकाचा दुसऱ्याला दिसायचा. आम्हाला हे कळलं ते नेरूळच्या एका बाईंमुळे. वर स्वतःचं नाव आणि खाली कॅन्सरचा रिपोर्ट, असं त्यांना दिसलं होतं. रात्रभर रडल्या. सकाळी लॅबमध्ये जाऊन कागद घेतला, तर त्यांना काहीच नव्हतं.

सतीशने फोनवर दहा मिनिटं माफी मागितली. बाईंनी ऐकून घेतली.

"माझं राहू द्या. ज्यांचा तो रिपोर्ट होता, त्यांना कुणाचा दिसला?"

सांगता येईल अशी नोंदच कुठे नव्हती. त्या दिवशी रिपोर्ट बघितलेल्या सगळ्यांना लॅबने फोन लावले. दोन नंबर बंद लागले.

* * *

शिरवण्याचे म्हात्रे काका वारस नोंदीचा अर्ज भरत होते. घरी दोनदा सगळं पुसलं गेलं, म्हणून साइटवरचा पत्ता शोधत थेट ऑफिसात आले. त्या साइटवर वीस मिनिटं काही पाठवलं नाही, तर कप्पा रिकामा व्हायचा. काका एका बोटाने टाइप करायचे.

"काका, मी भरून देते."

"नको. मीच भरतो. माझी बायको हाय ती."

मी शेजारी बसले. घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, आणि पुढे यादीतून निवडायचं: हयात की मयत. बायकोच्या नावाशी काका थांबले. माऊसवर हात तसाच होता. बऱ्याच वेळाने त्यांनी 'मयत' निवडलं आणि 'पुढे' दाबलं.

पान कोरं होऊन लॉगिनवर आलं.

मी उठून दुसऱ्या मशीनवरून आधी ती वेळ वाढवली आणि परत येऊन बसले. काकांनी चष्मा पुसला आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं. स्वतःचं नाव, मुलांची नावं, सुनांची. बायकोचं नाव लिहिलं, वय लिहिलं. मग माऊस माझ्याकडे सरकवला.

"बाय, येवढा तू दाब."