मावशीचा अंगठा

आधी मावशीचं सांगते, मग बाकीचं. दुष्काळाच्या त्या वर्षी पारनेरकडच्या रस्त्याच्या खडीच्या कामावर माझ्या शेजारी बसणारी बाई ती. नात्याची नव्हे, गावाचीही नव्हे. मी लांब पाथर्डीकडची, शाळा पाचवीतच सुटलेली, नवरा दुसऱ्या जिल्ह्यात कामाला. ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं तिथे. पहिल्याच दिवशी तिने डोक्यावरची चुंबळ काढून माझ्या बुडाखाली सरकवली. "दगडावर बसून दगड फोडशील तर आदी तूच फुटशील," म्हणाली. पुढे पुण्याच्या परिषदेला मी गेले तीही तिच्याच जिवावर. तिकीट दुसऱ्यांनी काढलं, ते वेगळं.

झालं असं, की धुळीने कारकुनाचे डोळे आले. पगाराच्या दिवशी त्याला हजेरीपट दिसेना, म्हणून वाचता येणारी बाई कोण आहे अशी हाक झाली आणि मला पुढे ढकललं. मी नावं वाचायची, लोकांनी अंगठा उठवायचा. पानं चाळताना मागच्या आठवड्याचं पान समोर आलं. मावशीच्या नावापुढे अंगठा होता. निळा, गोल, रेघन्‌रेघ दिसेल असा.

त्या आठवड्यात मावशीला पगार मिळाला नव्हता. "तुझं नाव आलं न्हाई," म्हणून कारकुनाने परत पाठवलं होतं. आणि मुख्य म्हणजे त्याच आठवड्यात तिचा डावा अंगठा हातोडीखाली चेचला होता. हळद भरून चिंधी बांधलेली, नख निघून आलेलं. हजेरीला डाव्याच अंगठ्याचा ठसा लागायचा, तो ती उठवणार कशाने?

"काय गं," कारकून ओरडला, "घोडेगावच्या बाजारात बैलाचे दात बघत्यात तसं काय बघतीस? म्होरलं नाव वाच."

वाचलं. संध्याकाळी मावशीला सांगितलं तर ती हसायलाच लागली. "माजा अंगठा माज्याआदी पगार घिऊन गेला व्हय? लई हुशार निघाला की!" मग हसू थांबलं. "हे कुनाला तरी सांगाया पायजे बाई."

सांगण्यासारखे एकच होते, भिंगारचे सर. ते कामावर येऊन बायकांना गोळा करायचे. म्हणायचे, हजेरीपट कारकुनाच्या पेटीत नको, दर आठवड्याला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला पाहिजे. तो कागद आपला आहे असं तोवर आम्हाला कोणी म्हटलंच नव्हतं. सरकारी कामांचे कागद लोकांपुढे उघडे करा, एवढ्याच मागणीसाठी पुण्यात परिषद भरणार होती. कामावरच्या लोकांनी तिथे येऊन बोलावं म्हणून पुण्याचं एक मंडळ एस.टी.चं भाडं आणि दोन दिवसांचं जेवण देणार होतं. त्यासाठी अर्ज होता. 'आपण परिषदेला का येऊ इच्छिता?' असं त्यात विचारलेलं. मी लिहिलं, 'एका बाईच्या अंगठ्याचं सांगायचं आहे.' माझा अर्ज मंजूर झाला. मी सरांच्या पाया पडले.

"ताई, हे उपकार नव्हेत, तुमचा हक्क आहे," ते म्हणाले. मला तर तो त्यांचा मोठेपणाच वाटला.

भाडं मिळालं, जेवणही मिळणार होतं. पण दोन दिवसांच्या खडीचा विचार कोणीच केला नव्हता. दोन दिवस ढीग रिकामा राहिला की कामावरून नाव कमी व्हायचं. मी जायचं रद्दच करणार होते.

"तू जा," मावशी म्हणाली. "तुजा ढीग मी भरते."

"अगं, पण तुझा हात?"

"येक हाय की चांगला. दगड पायात धरते. तू फक्त माजा अंगठा सांगून ये."

पुण्यात मला खुर्ची मिळाली, वर पंखा. सांगायचं सगळं मी आधीच एका कागदावर लिहून नेलं होतं. सकाळी सरांनी तो मागून घेतला. "द्या, भाषा नीट करून आणतो." दुपारी सरकारी कामांवरचे एक मोठे साहेब आले. सर त्यांच्याशेजारी चहा घेत बराच वेळ बसले, मग माझ्याकडे आले.

"ताई, अंगठ्याचं आज नको. साहेब देखरेख समिती नेमतायत, मलाही घेणार आहेत. आत बसून सगळं बाहेर काढू. तुम्ही फक्त आभार माना. मंडळाचे आणि साहेबांचे."

"आणि माझा कागद?"

"तो साहेबांकडे दिलाय."

तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. पण ज्यांनी गाडीत बसवलं, ताट वाढलं, त्यांना नाही कसं म्हणायचं? खाल्ल्या मिठाला जागावं, एवढंच तर मला शिकवलेलं. मी माईकसमोर उभी राहिले आणि आभार मानले. टाळ्या पडल्या, चांगल्याच पडल्या.

परत आले तर कारकून वाटेतच उभा. डोळे बरे झालेले. "या पुणेकरीणबाई! तुमचा कागद वाचला बरं. अक्षर झ्याक हाय." माझा कागद माझ्याआधी त्याच्या हातात पोचला होता. जुना हजेरीपट वरच्या कचेरीत जमा झाला होता आणि पेटीत नवाकोरा आला होता.

माझा ढीग पूर्ण भरलेला होता. मावशीचा अर्धाच. तिच्या अंगठ्याची चिंधी लाल, ओली.

"सांगितलंस?"

"आभार मानले."

"कुनाचे?"

मी हातोडी उचलली. तिने चुंबळ माझ्याकडे सरकवली. "बस. ऊन चढतंय."

पुढे सरांना मी एकदाच पाहिलं, समितीच्या जीपमध्ये. त्यांनी ओळखून हात केला आणि माझेही हात सवयीने जोडले गेले, त्याची मला अजून चीड येते. काम बंद पडल्यावर मावशी तिच्या गावी गेली, मी आणखी लांब आले. कोणी काही दिलं की अजूनही मी आधी हात मागे घेते, आता हा बदल्यात काय मागेल म्हणून. मावशीने एवढंच मागितलं होतं, की तिचा अंगठा सांगून ये, आणि तेच मी केलं नाही.

तिचं नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. ते आधी त्या रस्त्यावर उभं राहून, लोक जमवून, मोठ्याने वाचायचं आहे, अंगठ्यासकट. मावशी, तुझा अर्धा ढीग माझ्याकडे राहिलाय. तो मी भरीन.