पप्पांच्या पूजेची यादी

चौसाळ्याला हायवेलगत आमचं कापडाचं दुकान आहे. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. दुकानातला कॉम्प्युटर बिलांसाठी घेतलेला, पण सकाळी त्यावर पप्पांची शिवभजनं लागायची. जुन्या सीडींवरून त्यांनी ती भरून घेतली होती आणि आपल्या मनाप्रमाणे यादी लावली होती. शटर उघडेपर्यंत ती चालायची. मी इतकी वर्षं इअरफोन घालून बसले. त्यामुळे रोज वाजणारं ते मला कधी पाठ झालं नाही.

गेल्या वर्षी पप्पांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. इष्टलिंगाची पूजा मात्र सुटली नाही, कारण लिंग डाव्या तळहातावर घेतात आणि तो हात चांगला आहे. विभूती आणि बेल मम्मी वाहते. आपण बोललेलं पप्पांना कधी कळतं, कधी नाही. गाण्यांवरून मात्र सगळं कळायचं. कुठल्या गाण्याला विभूती, कुठल्या गाण्याला बेल, आणि यादी संपली की मूठ मिटायची. मग मम्मी लिंग गळ्यातल्या चांदीच्या डबीत, करडगीत, ठेवायची. त्यानंतर नाश्ता, त्यानंतर बीपीची गोळी. पूजा पुरी झाल्याशिवाय ते पाणीसुद्धा घेत नाहीत.

कॉम्प्युटरवर अपडेटची सूचना कित्येक महिने येत होती. पप्पा तिला रोज पुढे ढकलायचे, ते आजारी पडल्यावर मीही ढकलत आले. घरात इंग्रजी मलाच येतं. बँकेचं पत्र असो की औषधाचं पाकीट, ते माझ्यासमोर येतं. एका संध्याकाळी मी ती सूचना पूर्ण वाचली. सगळी कळली. कळली म्हणून होकाराचं बटण दाबलं.

सकाळी गाणी वाजवायचा जुना प्रोग्राम नव्हता. त्याच्या जागी नवा आला होता आणि पप्पांची यादी त्यात नव्हती. गाणी होती, पण सगळ्यांना ‘ट्रॅक’ आणि पुढे आकडा एवढंच नाव, त्यातही एकाच आकड्याची तीन-तीन. नव्या प्रोग्रामनं ती आपल्या हिशेबानं लावली. बेलाचं गाणं पहिलंच लागलं. पप्पा तळहात उघडा धरून बसले. सगळी गाणी संपली तरी हात उघडाच होता. शेवटी मम्मीनं लिंग उचलून करडगीत ठेवलं. पप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. दुपारपर्यंत काही खाल्लं नाही, गोळीही नाही.

मम्मीनं एवढंच विचारलं, “तुला वाचता येत होतं ना? मग कावून दाबलं?”

मी बीडच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. प्रोग्राम परत टाकून देतो म्हणाला, पण यादीचं विचारल्यावर हसला. “ताई, ती गेली. तुमीच लावा आता, तुमच्याच घरातली गाणी हायेत.”

रात्रीचं जेवण झाल्यावर मी एकेक गाणं लावलं आणि मम्मी सांगत गेली. तिला गाण्यांचे शब्द आठवत नव्हते, कामं आठवत होती. ह्याला दूध ठेवते. ह्याला बंबात पाणी. ह्याला तू उठायचीस, तोंड वाकडं करून. मी क्रम इंग्रजीत लिहून घेत होते. तिला तो वाचता येईना म्हणून पुन्हा मराठीत लिहिला, सावकाश. अकरा गाणी झाली. एक वीस सेकंदांचा तुकडा उरला. त्यात गाणं नव्हतं, नुसत्या टाळ्या आणि कुणीतरी खाकरल्याचा आवाज. मम्मी म्हणाली, हे काही माझ्या ध्यानात नाही. मी तो काढून टाकला.

दुसऱ्या सकाळी विभूती, बेल, सगळं जिथल्या तिथे आलं. अकरावं गाणं संपलं. पप्पांची मूठ मिटली नाही. ते दुकानाच्या दाराकडे बघत होते. मम्मीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात गोळी होती.

मी कॉम्प्युटरपाशी गेले, काढून टाकलेला तुकडा परत आणला आणि लावला. टाळ्या वाजल्या, माणूस खाकरला, आवाज थांबला. मागच्या खोलीतून मम्मी म्हणाली, “मिटली.”

मी तो तुकडा यादीत बाराव्या जागी ठेवला. कागदावरही लिहिलं, बारा, टाळ्या. आत पप्पा उपमा खात असल्याचा चमच्याचा आवाज येत होता. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. शटर उघडायला उशीर झाला होता, मी जाऊन ते वर ढकललं.